पेल्यातलं पाखरू

"आला! आला गं बाई लोनान!"

तळ्याकाठी जमलेला सगळा गाव एका सुरात ओरडला. माळरानावरून केशरी-तपकिरी पंखांचे पतंग भिरभिरत आले. आधी एक, मागून तीन, मग थवाच. सगळे काठावर उभ्या असलेल्या तरण्या लासारच्या गळ्याभोवती पिंगा घालू लागले. एकेकाच्या पंखांवर डोळ्यांसारखे काळेभोर ठिपके.

"बघा ते डोळे!" गावचा द्रुइद, म्हणजे पुरोहित, नेख्तान याने काठी आपटली. "देह म्हणजे होडी. एक फुटली की आत्मा दुसरीत चढतो. लोनानने बहीण ओळखली, आता दार मागतोय!"

"महाराज, बुडाला तो एकटाच," म्हातारी दारेरका म्हणाली. "ही तर वरात आली!"

"वाट दाखवणारे सोबती आहेत ते. अश्रद्धेला दिसायचे नाहीत!"

"मला चांगले दिसताहेत की."

दोघे-तिघे हसले, पण लासारची आई रोनात हसली नाही. वसंत लागता लागता तळ्याने तिचा लेक गिळला होता. तेव्हापासून ती एकच ओवी गुणगुणत होती:

*तळ्याच्या ग काठी कोण येई फडफडत,*
*लेक माझा बाई वाट घराची शोधत.*

तिच्या हातात मधाच्या दारूचा पेला होता. नेख्तान त्यात एक पाखरू टाकणार, लासारने ते गिळायचं आणि नेख्तानच्या मागून डोंगरापलीकडच्या झोपडीत जायचं. लोनान पुन्हा जन्माला येईपर्यंत तिथेच राहायचं, एकटीने. जुन्या गाण्यांतल्या राण्या असंच पाखरू गिळून आया झाल्या होत्या, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं?

लासारला पाखराची भीती नव्हती, भीती होती झोपडीची. बाजारात कालवड पारखतात, तसा हा बुवा तिला पारखत होता.

"पी गं माझे बाय," आई म्हणाली. "तुझा दादा आहे तो."

"पिते. पण आई, काल दिवसभर मी इथेच उभी होते. दादा काल का नाही आला?"

"काल मुहूर्त नव्हता!" नेख्तान गरजला.

"काल ही पिशवी नव्हती."

सकाळीच त्याने तिच्या गळ्यात विरळ विणीची लोकरी पिशवी अडकवली होती आणि हात लावलास तर भाऊ भटकत राहील, असा दम भरला होता. पण लासारचं आयुष्य माळावर शेळ्या राखण्यात गेलं होतं. झुडपाच्या काडीला चिकटलेली ढिम्म करडी मादी आणि तिच्यापायी वेडेपिसे झालेले हेच केशरी नर तिने दर वसंतात पाहिले होते.

तिने पिशवी उतरवली.

"हात लावू नकोस, कार्टे!"

ती शेळ्यांकडे धावली आणि पिशवी दाढीवाल्या बोकडाच्या शिंगाला अडकवली. थवा हवेत जरा घुटमळला, मग लासारला सोडून बोकडाभोवती नाचू लागला. बोकडाने कान झटकले आणि तो चक्क शिंकला.

सगळ्यांच्या नजरा नेख्तानकडे वळल्या.

"आत्मा... आत्मा कोणताही देह निवडतो," नेख्तान चाचरला. "बोकडाचाही!"

"मग बोकडालाच न्या की झोपडीत!" दारेरका कडाडली, आणि हसण्याचा असा लोट उठला की तळ्यावरची बदकं उडाली.

लासारने पिशवी उसवली. आत नुकतीच कोषातून निघालेली, पोट फुगलेली करडी मादी होती. "हिच्या अंगाला वास असतो," ती म्हणाली. "आपल्याला येत नाही, नराला मात्र वाऱ्यावरून लांबून येतो. ह्याने माळावरून कोष वेचला, मादी बाहेर पडायची वाट पाहिली आणि उन्हाची वेळ साधली. एवढीच ह्याची विद्या."

नेख्तान काठी टाकून पळू लागला. दोन कोळ्यांनी त्याची वाट अडवली.

रोनातने पेला छातीशी धरला. "मग माझा लोनान कुठे गं?"

"मला माहीत नाही, आई." लासार तिच्याजवळ गेली. "मलाही तो हवाय. पण 'मला माहीत आहे' असं म्हणून जो बदल्यात लेक मागतो, त्याची पिशवी आधी उघडून बघायची. गाणी म्हणावीत, आईने रडावं, पण डोळे मिटून कोणाच्या हाती पोर देऊ नये. दुःख खरं असलं, म्हणून ते ऐकून धावत आलेला माणूस खरा ठरत नाही."

रोनातने लेकीकडे पाहिलं आणि पेला काठावरच्या चिखलात उपडा केला.