समासातला बोका

मी एक जुना बोका आहे. कागदावरचा. डावा कान मोठा, उजवा काढायचा राहून गेल्यासारखा. पाय तीनच, चौथ्याला जागा उरली नाही. मला कुणा चित्रकारानं काढलेलं नाही हे पाहताक्षणी कळतं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

मित्रांनो, माझा जन्म एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. तिथं एक बाई मुद्रितं तपासत, म्हणजे छापण्याआधीच्या कागदावर लाल शाईनं चुका दाखवत. वेलांटी चुकली तर तिला खूण होती, शब्द गळला तर त्यालाही होती. पण शुद्धलेखन बिनचूक आणि मजकूर धादांत खोटा असेल, तर त्याला खूणच नव्हती. तिथं बाई समासात मला काढत. संपादक मला पाहून मिशीतल्या मिशीत हसत आणि कागद बाजूला ठेवत. अशी सात वर्षं मी रद्दीत गेलो.

मग पानं लावायला एक नवा माणूस आला. अतिशय प्रामाणिक. लाल शाईतलं सगळं पानात घ्यायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं. त्यानं घेतलं. ‘नदीवरचा पूल पूर्ण झाला’ या मंत्र्यांच्या वाक्याशेजारी, पहिल्याच पानावर मी छापून आलो. ते पान वाचून होडीतून नदी ओलांडणारी माणसं होडी डुलेपर्यंत हसली.

दुसऱ्याच दिवशी मंत्र्यांचा अधिकारी कचेरीत हजर. बोका काढणाऱ्याला आजच्या आज घरी बसवा, असं त्याचं म्हणणं. बाईंच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. तरी त्या उठू लागल्या. तेवढ्यात संपादक म्हणाले, “मीच काढला.”

“साहेब, उगाच कशाला? मी काढलाय,” पानं लावणारा म्हणाला.

“तुला साधी सरळ रेघ येत नाही.”

“म्हणून तर तो तसा आलाय.”

अधिकारी हुशार होता. त्यानं सगळ्यांना एकेक कागद दिला. “काढा बोका. हात लगेच ओळखतो मी.”

नऊ जणांनी नऊ बोके काढले. सगळे माझे सख्खे भाऊ. अधिकाऱ्यानं ते टेबलावर मांडले, पुढचे मागे केले, चष्मा पुसला.

“काही फरक कळतोय का?” बाईंनी हळूच विचारलं.

“न कळायला काय झालं? त्या बोक्याचा कान असा होता,” म्हणत त्यानं दहाव्या कागदावर स्वतःच काढून दाखवला.

हुबेहूब मी. पायसुद्धा तीन.

संपादकांनी तो कागद अलगद उचलला. “खाली सही करता का? चौकशीला जोडतो.”

चौकशी तिथंच आटोपली. बाई पुढचं मुद्रित वाचायला बसल्या.

तेव्हापासून मी रोज पहिल्या पानावर असतो. लोकांनी मला भिंतींवर काढलं, फलकांवर काढलं, त्या अर्धवट पुलाच्या खांबांवरही चढवलं. मध्यंतरी एका नामवंत चित्रकारानं मला चार पाय आणि रेशमी मिशा दिल्या. मंत्र्यांना मी इतका आवडलो, की त्यांनी मला चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगलं. ते दिवस वाईट गेले. शेवटी बाईंनीच मला पुन्हा वाकडा केला.

तर मित्रांनो, मला जपायचं असेल तर मला सुंदर काढायला शिकू नका. जो हात सगळ्यांना येतो, त्याच हाताचा मी आहे. मात्र हात उचलण्याआधी वाक्य नीट वाचा, स्वतः जाऊन पाहून या. खोटं निघालं तर बेलाशक काढा. खरं निघालं तर समास कोरा सोडा. मला झोपायलाही आवडतं.