पैलथडीची रेषा

"पैलथडी नकाशात घ्या. शुक्रवारपर्यंत." मॅडमनी फायलीवर एवढंच लिहिलं होतं. शिपायाने ती फाइल माझ्या टेबलावर आदळली, पण राग मला मॅडमचा आला. चौतीस वर्षं मी या नकाशा कार्यालयात रेषा ओढतोय. तालुक्याची हद्द सांगा, जिल्ह्याची सांगा, डोळे मिटून काढून देतो. पण पैलथडी? सरकारदरबारी तिची नोंदच नाही. ते लोकांच्या तोंडातलं नाव. नदीपलीकडचा सगळा मुलूख म्हणजे पैलथडी, असं आम्ही म्हणतो. कुणी वेंधळेपणा केला की "पैलथडीचा दिसतोस" म्हणून हसतोही.

फायलीत दोन्ही काठांचे अर्ज होते. आमच्या काठाचं म्हणणं, आम्ही पैलथडीचे नाही, पैलथडी ती समोर. समोरच्यांचंही म्हणणं शब्दन् शब्द तेच. मॅडमना हसू आलं. "काका, दोघंही खरंच बोलतायत की हो!" मी म्हटलं, "मला यातून वगळा." त्या म्हणाल्या, "का?" काय सांगणार, कपाळ!

तेव्हापासून धाकटी पुन्हा यायला लागलीय. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होतो, मी पेन हातात घेतो आणि टेबलाच्या त्या बाजूला ती उभी असते. हिरवा स्वेटर, त्याचं एक बटण तुटलेलं. मला भीती वाटत नाही, लाज वाटते. ती नकाशावर वाकते, बोटाने नदी शोधते आणि सापडली की बोट तिथेच ठेवून उभी राहते. मी पेन खाली ठेवेपर्यंत हलत नाही. नोकरी गेली तर गेली, ही रेषा मी ओढणार नाही.

धाकटी म्हणजे माझी एकुलती एक बहीण. तिने नदीपलीकडच्या मुलाशी लग्न केलं, तेही आम्हाला न विचारता. मी आधीच तापट. दारात उभा राहून ओरडलो, "पैलथडीची झालीस ना? मग राहा तिकडेच. मी स्वतः न्यायला आलो तरच या घराची पायरी चढायची." आई गयावया करत होती. पण धाकटी बहीण कुणाची? ती म्हणाली, "ठीक आहे दादा. तू आल्याशिवाय नाही येणार."

सात वर्षं ना ती आली, ना मी गेलो. मधल्या काळात आई गेली, घरात मी एकटा उरलो. मग एके दिवशी सकाळी कार्यालयात फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "दादा, मी पैलथडीला आलेय. स्टँडवर बसलेय. अंगात खूप ताप आहे रे. न्यायला ये ना." मी काही विचारणार तोच फोन कट झाला.

माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला. कुणाला न सांगता निघालो, पूल ओलांडला. पलीकडे चार गावांत चार स्टँड, चारही पालथे घातले. तिच्या सासरी गेलो, तर नवरा मान खाली घालून म्हणाला, "परवा भांडून निघून गेली. मला वाटलं, तुमच्याकडेच आली असेल." रात्री मी तिकडच्याच स्टँडच्या बाकांवर पाठ टेकली आणि पुन्हा शोधत सुटलो. तिसऱ्या दिवशी परत त्यांच्या दारात गेलो. तिची सासू पाण्याचा पेला देत म्हणाली, "माहेरची फार ओढ हो तिला. सारखं आपलं, पैलथडीला जायचंय, पैलथडीला जायचंय."

मी पेला तसाच खाली ठेवला. त्या काठावर पैलथडी म्हणजे आम्ही! सात वर्षांत धाकटीच्या तोंडी तिथलीच बोली बसली होती. ती आमच्याच स्टँडवर बसली होती, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर.

धावतपळत परत आलो. स्टँडवरचा चहावाला म्हणाला, "त्या ताईंना काल दवाखान्यात नेलं." दवाखान्यात कारकुनाने तिला घर कुठे म्हणून विचारलं होतं. ती म्हणाली, पैलथडीला. तो आमच्या काठाचा माणूस, त्याने तेच लिहिलं आणि निरोप पाठवला नदीपलीकडे. मी पोहोचलो त्याच सकाळी धाकटी वारली होती.

वॉर्डातल्या वयस्कर नर्सबाईंनी मला खुर्ची दिली. "चहावाला त्यांना घरी सोडायला तयार होता," त्या म्हणाल्या. "नको म्हणाल्या. मीही म्हटलं, अहो, नीट पत्ता सांगा, माणूस पाठवते. तर हसल्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, माझा दादा नकाशे काढतो. तो येईल बरोबर, चुकायचा नाही."