अठ्ठावीसवरून सात

सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले. व्यासपीठावर काळा फळा होता आणि त्याच्यापुढे पांढरा कोट घातलेला, पदवीचं नाव मात्र न काढणारा एक गृहस्थ. लोक त्याला आकडेबाबा म्हणत आणि त्यालाही ते आवडे.

"ताप डोळ्यांना दिसतो का? नाही. पण थर्मामीटर लावला की पारा बोलतो. तसं हे माझं पत्रक. बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. गुण जितके जास्त, तितकं दुःख खोल. मी पुराण सांगत नाही, पुरावा देतो."

त्याने फळ्यावर अठ्ठावीस लिहिले. त्याखाली, तीन आठवडे त्याचा काढा प्यायल्यानंतरचा आकडा लिहिला: सात. टाळ्या थांबेनात. फळ्याशेजारी माझी धाकटी बहीण उभी होती, सांगितल्याप्रमाणे हसत.

ती बेरीज माझ्या हातची होती. ग्रंथालयात चाळीस वर्षं मी पुस्तकांवर क्रमांक घातले. अक्षर बरं, म्हणून आकडेबाबाने मला पत्रकं भरायला बसवलं होतं. ज्याला क्रमांक मिळाला त्याला जागा मिळाली, असं मी आयुष्यभर मानत आलो. माझ्या बऱ्याच चुकांना मी सबबी शोधल्या आहेत. या एका चुकीला मात्र सापडलेली नाही.

धाकटी दोन वर्षं उदास होती. इस्पितळातल्या डॉक्टरबाईंच्या गोळ्या चालू होत्या, त्या आकडेबाबाने बंद करायला लावल्या. "गोळी आणि काढा एका घरात नांदत नाहीत," तो म्हणाला, आणि आम्ही ऐकलं.

त्या सकाळी मी तिला प्रश्न विचारत होतो. झोप लागायला वेळ लागतो? नाही. मध्येच जाग येते? नाही. भूक? भरपूर. मन उदास?

"तीन."

मरावंसं वाटतं?

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तिथेही तीनच लिही, दादा."

माझी लेखणी अडली. खांद्यावरून आकडेबाबा वाकला. "काका, शितावरून भाताची परीक्षा या कामात चालत नाही. बेरीज करा."

मी बेरीज केली. आठच्या आत असेल तर पत्रकावर 'मुक्त' असा शिक्का मारायचा. मी तो सरळ रेषेत मारला.

घरी ती तेरा-तेरा तास झोपे. ताटातलं सगळं संपवी. चालताना पावलांचा आवाज येत नसे. मला वाटे, बहिणीला कुणीतरी घेऊन गेलंय आणि घरकामापुरतं तिचं शरीर मागे ठेवलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर तिने कपाट आवरलं होतं. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी: हे वहिनीला, हे पुतणीला.

"हे काय चाललंय?"

"आवरतेय. नंतर तुला त्रास नको."

शेजारणीला तिच्याजवळ बसवून मी पत्रकाची नक्कल घेऊन इस्पितळात धावलो. डॉक्टरबाईंनी पत्रक खालून वर वाचलं.

"शेवटच्या चौकटीतले तीन कुणी लिहिले?"

"मी."

"आणि मग?"

"बेरीज केली."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी उठून गाडीची किल्ली घेतली. संध्याकाळच्या आत धाकटी इस्पितळात दाखल झाली.

काढ्याची बाटली तपासायला गेली. पुढच्या रविवारी सकाळी डॉक्टरबाई सभागृहात आल्या. सोबत गोदामाचा पहारेकरी होता, सदा खिदळणारा माणूस.

"याची परीक्षा घ्या," त्या म्हणाल्या.

आकडेबाबाने ऐटीत प्रश्न विचारले. झोप? "रात्रपाळी आहे साहेब, झोप कसली?" डोकं? "ठणकतं." पोट? "त्याचं नाव काढू नका." मरावंसं वाटतं? "छे, पुढच्या महिन्यात नातू यायचाय."

बेरीज सतरा. "घोर दुःखी," आकडेबाबाने जाहीर केलं.

"बायकोला सांगू नका," पहारेकरी म्हणाला, "तिला वाटतं मी निर्लज्ज सुखी आहे." सभागृह हसलं. आकडेबाबा एकटाच गंभीर होता.

डॉक्टरबाई फळ्याकडे वळल्या. "बारापैकी तीन प्रश्न झोपेचे, दोन भूक आणि वजनाचे, पाच अंगदुखी, डोकेदुखी, पोटदुखीचे. मनाचे फक्त दोन. काढ्यात सर्दी-खाजेवरच्या एका जुन्या गोळीची पूड सापडली. तिने गुंगी येते, भूक वाढते, गुंगीत दुखणं जाणवत नाही. दहा प्रश्नांचे गुण घसरतात, बेरीज कोसळते. मन तिथेच राहतं, किंवा आणखी खाली जातं, आणि त्या बेरजेत ते कुणाला दिसत नाही."

"बाई, तुमच्याकडेही पत्रकं असतातच की," आकडेबाबा म्हणाला.

"असतात. पण पत्रक खरंच दुःख मोजतं की नुसती झोप, हे आधी शेकडो रुग्णांवर पडताळावं लागतं. आणि शेवटचा प्रश्न आम्ही बेरजेत बुडू देत नाही."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. धाकटीने परवानगी दिली होती, "माझंच वाच." चारचौघांत बोलायची मला सवय नाही. तरी मी उभा राहिलो आणि तिच्या दोन पत्रकांतली शेवटची चौकट वाचली. पहिल्यांदा एक. 'मुक्त' झाल्यावर तीन.

तिसऱ्या रांगेतून पाववाला उठला. याच सभागृहात आपल्या बायकोच्या आकड्याला त्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

"तिचं पत्रक काढा, काका. बेरीज नको. शेवटचं सांगा."

मी शोधलं. माझ्याच अक्षरात होतं. "दोन."

तो घराकडे पळत सुटला. मग सगळे माझ्या पत्रकांच्या टेबलाभोवती जमले, कुणी आईचं पत्रक मागत होतं, कुणी मुलाचं. मी एकेक आकडा सांगत होतो आणि सभागृह रिकामं होत होतं. आकडेबाबा कधी निसटला, कळलं नाही.

धाकटी अजून पुरती बरी नाही. गोळ्या पुन्हा चालू आहेत. परवा त्याच शेवटच्या प्रश्नाला ती "एक" म्हणाली. मी विचारलं, "एक म्हणजे कसं, सांग." ती बराच वेळ बोलत होती.

मोजू नका, असं मी म्हणत नाही. पण कुणी तुमच्यासमोर उतरता आकडा नाचवला, तर टाळी वाजवण्याआधी विचारा: हे माप नेमकं कशाचं, आणि ते कुणी तपासलं? आणि घरातलं माणूस मरणाचं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.