संगमरवरावर चिंच

सिहोऱ्याच्या कौशल्याबाईंना नव्या घराची फरशी कशी हवी, हे कोणी विचारलं नव्हतं. तरी त्यांनी सांगून ठेवलं होतं. गडद रंगाची, जराशी खरखरीत. पाय घसरू नये, चहा सांडला तर दिसू नये आणि दुपारी वरून पंखा लावून खुशाल आडवं होता यावं. त्यांचे यजमान भय्याजी धानाचे व्यापारी. त्यांनी मान डोलावून सगळं ऐकलं, तुमसरला गेले आणि पांढराशुभ्र संगमरवर ठरवून आले.

कारण एकच. बपेऱ्याच्या साडूंनी घरभर चकचकीत टाइल लावली होती आणि वास्तुपूजेला भय्याजींना ती तीनदा दाखवली होती.

"टाइल भट्टीत भाजते," भय्याजींनी घरी येऊन समजावलं. "मानसाचं काम. संगमरवर धरतीच्या पोटातून निघते. साडूनं मानसाचं लावलं, आपन देवाचं लावू."

"देवाचं हाये तं पुसन कोन?" कौशल्याबाईंनी विचारलं.

भय्याजींच्या कानाला काही झालेलं नव्हतं. पण असे प्रश्न त्यांना ऐकू येत नसत.

फरशी बसली आणि समोरचा हॉल बंद झाला. बंद म्हणजे कुलूप नव्हतं, पण उंबऱ्याशी भय्याजी होते. पाहुणे मागच्या सपरीत, म्हणजे उघड्या पडवीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. सरपंच आले, त्यांनीही उंबऱ्यातून वाकून फरशीचं दर्शन घेतलं, 'वा वा' म्हणाले आणि सपरीत जाऊन डास मारत बसले. आत जायची परवानगी फक्त कौशल्याबाईंना, तीही हातात पोतेरं असेल तरच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नंतर भय्याजी फरशीला गाल टेकवून उजेडात चमक तपासत. लग्नाला एकतीस वर्षं झाली, बायकोच्या तोंडाकडे त्यांनी इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

सात महिने असे गेले. त्या हॉलमध्ये एकदा, एकदाच, हात रिकामे ठेवून बसायचं कौशल्याबाईंच्या फार मनात होतं. बोलून दाखवायची लाज वाटत होती. स्वतःच्या घरात बसायला मिळावं, हे कोणाला सांगणार?

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या, तेव्हा भय्याजींची झोप उडाली. देवघर हॉलच्या पलीकडे. लक्ष्मी येणार म्हणजे उंबऱ्यापासून देवघरापर्यंत तिची पावलं उमटवावी लागणार.

"मागच्या दारानं आनली तं नाई चालनार?" त्यांनी हळूच विचारलं.

"मागच्या दारानं चोर येते," कौशल्याबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

त्यांनी हळद-कुंकू पाण्यात कालवलं. मूठ वळून तिची कड त्यात बुडवली आणि फरशीवर टेकवली. वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले. झालं पाऊल. एक डाव्या मुठीचं, एक उजव्या मुठीचं, अशी अकरा पावलं थेट देवघरात गेली. भय्याजी तोवर बाहेर अंगणात फेऱ्या मारत होते, कारण त्यांना बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं आणि भय्याजी बहिणीकडे करडीला गेले. जाताना उंबऱ्यातून वळून म्हणाले, "मी येतपर्यंत फरशी पहिल्यावानी पाह्यजे."

कौशल्याबाईंनी ओलं फडकं फिरवलं. हळद निघेना, कुंकू तर आत मुरल्यासारखं दिसत होतं. साबण लावला, हळद उलट लाल झाली. पूजेची समई, घंटी, तांब्या बाजूलाच घासायला पडले होते आणि वाटीत चिंच भिजलेली होती. पितळेवरचा कसलाही काळेपणा चिंच काढते, हे बाई परकर-पोलक्यात होत्या तेव्हापासून बघत आल्या होत्या. मग दगडाची काय बिशाद?

त्या पदर खोचून बसल्या आणि एकेका पावलावर चिंच चोळली. अंगठा, करंगळी, टाच, काही सोडलं नाही. डागाबाहेर मात्र एक थेंब जाऊ दिला नाही, कारण काम नीटनेटकं करायची खोड. धुऊन काढल्यावर हळद गेली होती, कुंकूही गेलं होतं. बाईंनी देवाला हात जोडले.

संध्याकाळी दारातून ऊन तिरपं आत आलं. सगळी फरशी आरशासारखी चमकत होती आणि तिच्यात अकरा पावलं तेवढी निस्तेज, खडबडीत, पाचही बोटांसकट कोरल्यासारखी दिसत होती. पुसली, हलली नाहीत. खोबरेल तेल लावलं, आणखी उठून दिसली.

भय्याजी आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि तिथेच खाली बसले. बाईंनी काही लपवलं नाही. "चिंच लावली जी. डाग निंगत नव्हते."

"चिंच!" भय्याजी म्हणाले. "दगडाले चिंच!" पुढचे तीन दिवस ते ताटाशी बोलले, बैलाशी बोलले, बायकोशी बोलले नाहीत. बाईंना रडू यायचं आणि रागही यायचा, आणि दोन्ही त्या कणकेवर काढायच्या. त्या आठवड्यात पोळ्या फार मऊ झाल्या.

चौथ्या दिवशी तुमसरहून फरशी पॉलिश करणारा धर्मेंद्र मशीन घेऊन आला. तिशीचा, कामाला पक्का. त्यानं बोटानं डाग चाचपला.

"आंबट लावलं, काकाजी. संगमरवराले लिंबू, चिंच, ॲसिड काहीच चालत नाही. चमक खाऊन टाकते. दुकानात सांगतलं नाही का?"

"सांगतलं होतं ना," भय्याजी म्हणाले. "दुकानवाल्या गोपीचंदनं दोन दोन वेळा सांगतलं."

"मंग काकूले कोनी सांगतलं नाही?"

भय्याजी छताकडे बघू लागले. कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तीन दिवस ज्या चुकीनं त्यांना घास गिळवत नव्हता, ती मुळात कुठून निघाली हे त्यांना आत्ता कळलं. सात महिन्यांत यजमानांनी 'पाय ठेवू नको' हजारदा सांगितलं होतं. चिंचेचा शब्द एकदा काढला नव्हता.

"तू मशीन लाव," भय्याजी घाईनं म्हणाले. "डाग काढ."

धर्मेंद्रनं मशीन उंबऱ्याशी आणली, वायर लावली, वाकला आणि थांबला. मागे सरकून त्यानं लांबून पाहिलं. मग पायातली चप्पल काढली.

"काकाजी, हे तं लक्ष्मीचे पावलं हायेत."

"डाग हायेत."

"डागाले पाच बोटं असतात का? माह्या घरी लेकरंबाळं हायेत जी. घरात आलेल्या लक्ष्मीवर मी मशीन नाही चालवत." त्यानं मशीनचा दांडा भय्याजींच्या हातात दिला. "बटन तुमी दाबा. लक्ष्मी तुमची, फरशी तुमची."

"विसर्जन झालं! गेल्या त्या!"

"मंग दाबा ना."

भय्याजींनी दांडा धरला. धान निसवून लोंब्या बाहेर पडायला लागल्या होत्या, दोन महिन्यांवर हंगाम. ऐन हंगामाच्या तोंडावर व्यापाऱ्यानं स्वतःच्या हातानं लक्ष्मीची पावलं घासून काढायची! त्यांचं बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. पुन्हा गेलं. कपाळावरून घाम टपकला आणि त्यांनी सवयीनं आधी फरशीकडे बघितलं.

कौशल्याबाईंना त्यांची दया आली आणि संतापही आला. त्या सरळ हॉलमध्ये गेल्या. हातात पोतेरं नव्हतं.

"लक्ष्मीले कायले भेता?" त्या म्हणाल्या. "लक्ष्मीचे नाहीत हे पावलं. माह्या मुठी हायेत."

त्या खाली बसल्या, मूठ वळली आणि एका खुणेवर टेकवली. बरोब्बर बसली. दुसऱ्या खुणेवर दुसरी मूठ टेकवली.

"सात महिने झाले, रोज दोन दोन वेळा पुसून राहिली मी. आल्यागेल्याले तुमी दगड दाखवला, नाव तुमचं झालं. माह्यं म्हनून या घरात एवढंच उमटलं, तेबी चुकून. दाबा बटन. पाप नाही लागत तुमाले."

धर्मेंद्र वायरीचा गुंता सोडवू लागला, जरी वायरीला गुंता नव्हता.

भय्याजींनी त्या दोन मुठींकडे बघितलं. बटण दाबलं नाही. भिंतीपाशी गेले आणि वायर ओढून काढली.

"मशीन टेम्पोत टाक, धर्मेंद्र."

"काहून जी? आता तं लक्ष्मीचा प्रश्नच मिटला."

"लक्ष्मी गेली तं पुढच्या भादव्यात येते," भय्याजी म्हणाले. "हे गेली तं मी कोनाले आनू?"

कौशल्याबाई उठायला लागल्या. भय्याजींनी पंख्याचं बटण दाबलं.

"बस ना. उठून काहून राहिली?"

"इथं?"

"मंग का बपेऱ्याले बसतं?"

बाई बसल्या. पाय लांब केले. पंख्याचा वारा आला आणि खालून दगडाचा गारवा पोटऱ्यांना लागला. बाहेर भाद्रपदाचं ऊन रणरणत होतं. "थंडगार हाये जी," त्या म्हणाल्या, आणि हसू की रडू हे न कळून दोन्ही केलं. "तुमीबी बसा."

भय्याजी बसायला वाकले. वाकता वाकता त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि बसायच्या जागी फरशी पुसायला घेतली. बाईंनी तो त्यांच्या हातातून ओढला, त्याची घडी घातली आणि डोक्याखाली घेऊन आडव्या झाल्या.