तळ्याची ओटी

सुलतान बाजारातली चार दुकानं पालथी घालून भामानं शेवटी हिरव्या काठाचा जांभळा खण घेतला आणि बरकतपुऱ्याला घरी आल्या आल्या तो हिम्मतरावांपुढे पसरला. त्यांनी आधी खणाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"सुनंदाताईंची ओटी भरणार तू? अगं, त्यांचे मिस्टर जाऊन किती वर्षं झाली! त्यांना वाईट वाटलं म्हणजे?"

"तेच तर कळंना झालंय," भामा म्हणाली आणि खणाची घडी घालायला लागली. घडी काही धड होईना.

सुनंदा पुण्याची. बँकेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. आता पुण्यातलं घर आवरून ती लेकीकडे, श्रुतीकडे, झुरिकला कायमची निघाली होती. जाण्याआधी फक्त भामाला भेटायला म्हणून हैदराबादला आली होती. भामाचे गुडघे पाहता तिचं पुन्हा तिकडे जाणं होणार नव्हतं. ही शेवटची भेट आहे हे दोघींनाही कळत होतं, आणि कालपासून दोघीही "पुढच्या वेळी" असंच बोलत होत्या.

त्यांची ओळखही झुरिकचीच. काही वर्षांपूर्वी भामा मुलाकडे, गौतमकडे उन्हाळाभर राहायला गेली होती. त्याच इमारतीत श्रुती राहत होती. सकाळी पोरं कामावर गेली की दोन्ही घरं सामसूम. कपडे धुवायच्या खोलीत एका बाईला मशीनशी मराठीत भांडताना ऐकलं आणि भामा दारातच थांबली. "बाई, तुम्ही आमच्याच की!" ती बाई म्हणजे सुनंदा. पुढच्या बुधवारपासून दोघी ट्रामनं तळ्यावर जायला लागल्या.

काय सुखाचे बुधवार होते ते! तळ्याकाठचं एक बाक त्यांनी आपलंच करून टाकलं होतं. भामाच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, सुनंदाच्या डब्यात सुरळीच्या वड्या, अगदी हिशेबशीर एकसारख्या. चपला काढून पाय पाण्यात सोडायचे, येणाऱ्याजाणाऱ्या बोटी बघायच्या, सुनांचं आणि जावयांचं यथेच्छ बोलायचं. कुणाला स्वयंपाकाची घाई नाही, कुणी हाक मारणारं नाही. भामा "हौ" म्हणाली की सुनंदा हसायची, सुनंदा "इश्श" म्हणाली की भामा. एवढा मोकळा वेळ भामाला लग्नाआधीही मिळाला नव्हता.

पण भामा गोदेकाठी वाढलेली. मोठ्या पाण्याकाठी इतके दिवस फुकट बसायचं, आणि त्याची ओटी भरायची नाही, हे तिच्या जिवाला लागून राहिलं. एका बुधवारी ती पिशवीत नारळ, तांदूळ आणि हळदीकुंकू घेऊनच आली. सुनंदा घाबरली. "अगं, इथे दंड करतात!" मग नेहमीप्रमाणे ती चार पावलं मागे सरकून पिशवी धरून उभी राहिली. तिथल्या मराठी घरांत कुणाकडे हळदीकुंकू निघालं की ती अशीच मागे सरायची. सगळ्या बायका हॉलमध्ये असल्या की ही आत कॉफी करायची. कुणी तिला जा म्हणत नव्हतं आणि कुणी थांबही म्हणत नव्हतं.

भामानं चिमूटभर कुंकू वाहिलं, मूठभर तांदूळ सोडले आणि नारळ पाण्यात सोडला. नारळ निघाला तरंगत, थेट पोहणाऱ्यांच्या घोळक्यात. गुलाबी टोपीवाल्या एका गोऱ्या बाईनं तो पकडला आणि हरवलेला चेंडू परत द्यावा तसा घेऊन काठावर आली. हसत हसत तिनं तो पिशवी धरून उभ्या असलेल्या सुनंदाच्या हातात दिला.

सुनंदा दोन्ही हातांत ओला नारळ धरून उभी राहिली. तिचा चेहरा पाहून भामाचं हसू तोंडातच राहिलं. मग सुनंदानं नारळ तिच्याकडे सरकवला. "घे बाई, तुझा आहे. मला नाही चालत." दोघींनी तो बाकाच्या लोखंडी पायावर फोडून खाल्ला, आणि पुढे त्या गोष्टीवर कितीदा तरी हसल्या. त्या चेहऱ्याबद्दल मात्र कधीच बोलल्या नाहीत.

खण आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी ऑटोनं हैदराबादबाहेरच्या गंडीपेट तलावावर गेल्या. संध्याकाळी सुनंदाची गाडी होती. बांधाजवळ चिंचेखाली सतरंजी टाकली, दशम्या झाल्या, वड्या झाल्या. पाण्यात पाय सोडण्यासारखी जागा नव्हती. सुनंदा म्हणाली, "बोट तेवढी नाही बघ."

"सुनंदे," भामा म्हणाली, "एक विचारू? नक्को वाटलं तर नक्को म्हण."

तिनं पिशवीतून खण काढला, त्यावर नारळ ठेवला. सुनंदानं पाहिलं आणि सवयीनं उठायला लागली. बांधावर कॉफी करायला स्वयंपाकघर नव्हतं. अर्धवट उठलेली ती परत खाली बसली.

"भामा, मला नाही गं चालत."

"कोण म्हणतं? माझी लेक परदेशी निघाली असती तर तिला मी रिकाम्या ओटीनं पाठवली असती का? तू पण एवढी दूर चाललीस. मागं तुझं कोण आहे, मीच की नाही? आणि त्या गुलाबी टोपीवालीनं नारळ तुझ्याच हातात दिला होता. तेव्हाच तुझ्या ओटीत घालायचा सोडून मी फोडून खाल्ला, बाई."

सुनंदा हसायला गेली आणि रडली. भामानं तिला एवढ्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसून सुनंदानं ओढणीचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि पुढे केला. भामानं तिला कुंकू लावलं. मग खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ पदरात घातले.

सुनंदा पदराकडे बघत बसली. मग तिनं त्यातले चार दाणे वेचले, भामाचा तळवा उघडला आणि त्यावर ठेवले.

"हे माहेरी ठेवायचे असतात," ती म्हणाली.