खोलीत बोललेलं सगळं

दुभाषीबाईंचा नियम एकच होता, आणि काम सुरू व्हायच्या आधी त्या तो दोन्हीकडच्यांना बजावून सांगत. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगितलं जाईल. शिवी दिलीत तर शिवीसुद्धा. आणि बोलणारा ‘मी’ म्हणाला, की बाईही ‘मी’च म्हणणार. घरी धाकटा भाऊ त्यांना रेडिओ म्हणायचा. रेडिओला स्वतःचं मत नसतं, आणि इतकी वर्षं बाईंना ते भलतंच सोयीचं पडत आलं होतं.

त्या दुपारी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर चौघं बसले होते. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि त्यांचा वकील, दोघंही इंग्रजी बोलणारे. समोर पत्रे कापायच्या यंत्रावरचा कामगार, उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. त्याला स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नव्हतं. मधे बाई. टेबलावर एक कागद होता, त्यावर लिहिलं होतं की यंत्रावरची संरक्षक जाळी मी स्वतःच काढली होती, चूक माझी. खाली सहीची रेघ.

बाईंनी तो स्पॅनिशमध्ये वाचून दाखवला.

“जाळी महिनाभर मोडलेलीच होती,” कामगार म्हणाला. “मी तीनदा सांगितलं होतं.”

“सही केलीस तर हात बरा झाल्यावर कामावर परत,” वकील म्हणाला. “नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

बाईंनी तेही सांगितलं. कामगारानं बँडेजकडे पाहिलं आणि डाव्या हातात पेन घेतलं. तेव्हा साहेब वकिलाकडे वाकले आणि दबक्या आवाजात बोलले. खोली एवढीशी, टेबल त्याहून लहान, त्यामुळे बाईंना शब्द न् शब्द ऐकू आला.

“लवकर आटप. उद्या सकाळी तपासनीस येतोय आणि मोडकी जाळी अजून खालीच पडलीय. आज सही झाली नाही तर सगळं लेव्हरेज याच्याकडे. नशीब, याला ते माहीत नाही.”

या लेव्हरेजनं बाईंना आजवर थोडं छळलं नव्हतं. यंत्राच्या माहितीपत्रकात आलं की स्पॅनिशमध्ये ‘पालांका’, म्हणजे साधी तरफ. बँकेच्या कागदांत त्यालाच शेपूट फुटून ‘आपालांकामिएंतो’ व्हायचं. वाटाघाटीत ‘बेंताहा’ म्हणून वेळ मारून नेता यायची, पण ती नुसती वरचढ बाजू झाली, समोरच्याला वाकवायची ताकद काही त्यात उतरत नाही. मराठीत त्या मनातल्या मनात म्हणायच्या, शेंडी हातात असणं. सगळ्यांत चपखल तेच, आणि इथं त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

बाईंनी तोंड उघडलेलं साहेबांनी पाहिलं.

“हे सांगायची गरज नाही, मॅडम,” ते इंग्रजीत, अगदी गोड आवाजात म्हणाले. “तुमचा भाऊ गेल्या महिन्यात आमच्या गोदामात लागलाय ना? कामाला चांगला आहे म्हणतात.”

दोन वर्षं धाकटा घरी बसून होता. जेवताना मान वर करत नसे आणि बायको कामावर गेली की आतून कडी लावून घेई. आता कुठे तो सकाळी दाढी करताना शीळ घालायला लागला होता. एवढ्या मोठ्या कारखान्याच्या साहेबांना गोदामातला नवा माणूस कोणाचा भाऊ हे ठाऊक आहे, याचीच बाईंना सगळ्यांत जास्त भीती वाटली. म्हणजे त्यांनी आधीच चौकशी करून ठेवली होती.

एक वाक्य गाळलं तर कोणाला कळणार होतं? समोर कामगार डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखं, आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढत होता.

“उद्या सकाळी तपासनीस येतोय,” बाई स्पॅनिशमध्ये बोलायला लागल्या. “मोडकी जाळी अजून खालीच पडलीय. आज सही झाली नाही, तर याला आपण वाकवू शकत नाही, हाच आपल्याला वाकवेल. नशीब, याला ते माहीत नाही.” मग त्यांनी श्वास घेतला. “हे सांगायची गरज नाही, मॅडम. तुमचा भाऊ गेल्या महिन्यात आमच्या गोदामात लागलाय ना? कामाला चांगला आहे म्हणतात.”

पेन थांबलं.

“भाऊ कोणाचा?” कामगारानं विचारलं. “तुमचा, ताई?”

बाईंनी प्रश्न इंग्रजीत सांगितला. साहेबांनी कागद बोटभर पुढे सरकवला.

कामगारानं अर्धवट अक्षराकडे पाहिलं, मग बाईंकडे. “माझा हात तर गेलाच आहे,” तो म्हणाला. “तुमच्या भावाचं कशाला वाईट व्हावं? तुम्ही म्हणत असाल तर करतो मी सही.”

हेही इंग्रजीत सांगावं लागलं. ते ऐकून साहेब खुर्चीत आरामात मागे रेलले आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. वीस वर्षांत खोलीतल्या कोणी बाईंना त्यांचं मत विचारलं नव्हतं. नियमात त्याची सोय नव्हती. एक ‘हो’ म्हटलं की धाकटा उद्याही शीळ घालणार होता.

“नको करू,” बाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून इंग्रजीत, “नको करू, असं मी त्याला सांगितलं.”

कामगारानं पेन खाली ठेवलं. साहेबांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि तीन आकडे दाबले.

“गोदाम? तो नवीन माणूस आहे ना, त्याला वर पाठवा. त्याचं सामान घेऊन.”

कामगारानं बाईंकडे पाहिलं. साहेब काय म्हणाले ते त्याला कळलं नव्हतं.

बाईंनी सांगितलं.