वरवंट्याचं बारसं

बारशाहून परत आणलेला वरवंटा कुमुदच्या कडेवर शिंकला. "शतंजीव," ती म्हणाली आणि पदर त्याच्यावर ओढून चालत राहिली.

मिरजेच्या त्या गल्लीत कुणाचंही बारसं असो, बाळाच्या आधी पाळण्यात निजवायला वरवंटा जायचा तो कुमुदचाच. वरवंटा हिचा, पाळणा दुसरीचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तेच! आज शेजारच्या प्रभाच्या मुलाचं बारसं होतं. बाळाला कुंची, वरवंट्यालाही कुंची, आणि आत्याबाई चष्मा घरी विसरून आलेल्या. त्यांनी नाव सांगितलं ते वरवंट्याच्या कानात. हेमंत. बायका आत्याबाईंच्या पाठीत धपाटे घालण्यात दंग होत्या. एकट्या कुमुदने पाहिलं आणि ती गप्प बसली. का बसू नये? तिलाही आई व्हायचं होतं.

घरी आल्यावर वरवंट्याने दूध मागितलं. तिने वाटी-चमच्याने पाजलं.

नवरा, वामनराव, कामावरून आले. "आज चटणी नाही?"

"तो झोपलाय."

वामनरावांनी चपला हळूच काढल्या. "कुणावर गेलाय गं?"

"तुमच्यावर."

ते चक्क लाजले.

सकाळी तो पालथा पडला, दुपारी घरभर घरंगळला, संध्याकाळी त्याला हात फुटले. कुमुदचा जीव सुपाएवढा झाला.

तेवढ्यात प्रभा बाळाला घेऊन धापा टाकत आली. "कुमुदवहिनी, धरा हो याला. उचलवेनासा झालाय मला."

कुमुदने घेतलं. बाळ थंडगार होतं. त्याची बोटं एकमेकांत मिसळायला लागली होती.

"हाक मारली तरी बघत नाही," प्रभा रडत म्हणाली. "हेमंत! अरे हेमंत!"

स्वयंपाकघरातून 'ओ' आली.

प्रभाने ती ऐकली. ती कुमुदच्या पायाशीच बसली. "वहिनी, एकदा वाटायला घ्या हो त्याला. वाटलं की तो वरवंटाच. माझं पोर मला द्या."

वामनराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कुमुदने बाळ प्रभाच्या मांडीवर ठेवलं. आत जाऊन पाटा धुतला, त्यावर मिरच्या, लसूण, मीठ मांडलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"आई," तो म्हणाला, "तिखट नको."

तिने मिरच्या काढल्या, लसूण काढला, पाटा पुन्हा धुतला. ओलं खोबरं घेतलं आणि वर साखर पसरली.

"आता?" तिने विचारलं.

त्याने हसून दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून.